'दहा वर्षं बघायला नको' असा प्रोसेसर असतो का?

तिरकस:
टिकाऊ गेमिंग पीसीवरची परवाची पोस्ट वाचली. सल्ला काय, तर "सगळ्यात वरचा इंटेल आय९ किंवा १६ कोरचा एएमडी रायझन ९ घ्या, दहा वर्षं बघायला नको." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. म्हणून हे लांबण लावतोय.

अहो, गेम १६ कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) वापरतात कुठे? पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, दोन्हींत एएमडीच्या झेन २ रचनेचे आठ कोर. मोठे गेम त्याच मापाने बेतलेले असतात. एएमडीचा ५८००एक्स३डी आठवा. एप्रिल २०२२, आठच कोर, क्लॉक म्हणजे वेग साध्या ५८००एक्सपेक्षा कमी, पण एल३ कॅश, म्हणजे चिपमधलीच झटपट मेमरी, ९६ एमबी. गेममध्ये त्याने थोरल्यांना घाम फोडला. वर २०१७च्या बऱ्याच मदरबोर्डांवरही बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून बसतो! तेव्हा आधी सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची खाच, बघा. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर आठ कोरचा, जास्त कॅशवाला एक्स३डी घ्या, उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, गरज पडली की त्याच बोर्डावर नवा चढवा.

निळा_कंपू:
आले एएमडीचे वकील. २०११ साली मी इंटेलचा २६००के (चार कोर, हायपरथ्रेडिंगने आठ थ्रेड) घेतला तेव्हा २५००केवाले मित्र हसायचे, "गेमला हायपरथ्रेडिंग कशाला?" पुढे चार थ्रेडवर गेम अडखळायला लागले आणि हसणाऱ्यांनी बोर्डासकट सगळं बदललं. माझा चालूच होता. जास्तीचं घेणारा वेडा, हे कुठल्या हिशेबाने?

आणि सॉकेटचं कौतुक पुरे. २०२०मध्ये एएमडीनेच बी४५० बोर्डांवर झेन ३ प्रोसेसर चालणार नाही म्हणून हात वर केले होते. लोकांनी बोंब मारली तेव्हा वळले.

तिरकस:
वळले ना? तुमच्या इंटेलकडे वळायलाही जागा नसते, दोन-तीन पिढ्या झाल्या की नवा सॉकेट. आणि वरचा घेतला की टिकतो हे १३९००के-१४९००केवाल्यांना सांगा. जास्त व्होल्टेजने चिप झिजत होत्या, ऑगस्ट २०२४मध्ये मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, आला, वॉरंटी दोन वर्षं वाढवावी लागली. झिजलेली चिप त्या मायक्रोकोडने बरी होत नाही.

निळा_कंपू:
आणि एप्रिल २०२३मध्ये सॉकेटमध्ये जळणारे एएमडीचे ७८००एक्स३डी? एसओसी (चिपमधला मेमरी वगैरे सांभाळणारा भाग) व्होल्टेजला १.३ व्होल्टचं कुंपण घालावं लागलं. सोयीस्कर विसरलात.

जुना_खोंड:
तुमचं चालू द्या. माझा रायझन ७ १७०० धडधाकट आहे, आठ कोर आहेत, पण विंडोज ११च्या यादीत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा पाठिंबा संपला. इंटेलचा जानेवारी २०१७चा ७७००के बाहेर, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचा ८७००के आत. यात कोर, कॅश, सॉकेट कुणाचं काय चाललं? चालत्या यंत्राला कागदावर मारलं.

पेंग्विनदादा:
लिनक्स टाका. प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) सगळं चालतं.

जुना_खोंड:
सगळं? व्हॅलोरंट चालवून दाखवा. त्याचा लबाडी पकडणारा व्हॅनगार्ड लिनक्सवर नाहीच. विंडोज ११वर तो टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूटही (पीसी सुरू होतानाची तपासणी) मागतो.

पेंग्विनदादा:
कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, घुसणारा गेम ज्याला हवा त्याने खुशाल घ्यावा. मी नाही घेणार.

जुना_खोंड:
माझी सगळी टोळी रात्री तिथेच असते. मी काय तत्त्व उराशी धरून एकटा बसू?

पेंग्विनदादा:
टोळी बदला.

जुना_खोंड:
दर वेळी हेच! प्रश्न गेमचा, उत्तर आयुष्य बदलायचं. म्हणूनच तुमचं कुणी ऐकत नाही.

४के_भक्त:
४केवर खेळा, प्रोसेसर कुठलाही असो, फरक पडत नाही. विषय संपला.

तिरकस:
सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघितलं तर नाही पडत. तळाचे १ टक्का फ्रेम बघा, झटके तिथे दिसतात. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) लावलं की प्रोसेसरच्याही बोकांडी जास्तीचं काम बसतं.

खोंडराव, तुमच्याच बोर्डावर ५८००एक्स३डी चढवा. एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) चालू केलं की विंडोज ११चीही कटकट गेली.

जुना_खोंड:
बोर्डाच्या पानावर नाव आहे खरं, पण पुढे 'बीटा' लिहिलंय, म्हणजे अजून चाचणीतलं.

निळा_कंपू:
हे घ्या, बीटा! तरी या एका बाबतीत तिरकसरावांचं बरोबर आहे, लिहून ठेवा, रोज म्हणणार नाही. बायोस १७०० बसलेला असतानाच अपडेट करा. आणि कूलर सरळ वर ओढू नका. उष्णता वाहणारी पेस्ट वाळलेली असते, तुमच्या एएम४ सॉकेटचा प्रोसेसर लॉक असूनही पिनांसकट उपटून येतो. आधी एखादा गेम चालवून गरम करा, मग बंद करून कूलर डावीउजवीकडे फिरवत सोडवा.

जुना_खोंड:
आणि पिन वाकली तर?

निळा_कंपू:
तर एलजीए घ्या. तिथे पिना बोर्डात असतात.

तिरकस:
एएम५ही एलजीएच आहे हो!