संगणकावर पुस्तक 'उपलब्ध' दिसतं, रॅकवर मात्र नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोधायचं तरी कसं?

माणदेशी_मुलगी

नमस्कार. एम.ए. इतिहास, दुसरं वर्ष. गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडं. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको.

लघुप्रबंधाला विषय घेतलाय बहात्तरचा दुष्काळ, आमच्या तालुक्यापुरता. माझ्या आजीनं त्या साली पाझर तलावावर माती वाहिली, रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. मी लहानपणापासून ते ऐकत आले. सर म्हणाले, "आजीचं ठीक आहे, पण कागद कुठायत?" म्हणून ग्रंथालयात जायला लागले.

आमच्या कॉलेजात ग्रंथालय म्हणजे एक खिडकी होती. चिठ्ठी द्यायची, शिपाईमामा आतून पुस्तक आणून द्यायचे. इथं चार मजले आणि सगळं उघडं. पहिल्या आठवड्यात काउंटरवर गेले तर म्हणाले, "कॉल नंबर आणा." मी माझा मोबाईल नंबर लिहून दिला. मागं रांगेत उभी असलेली पोरं हसली. तेव्हापासून काउंटरवर काही विचारलेलं नाही.

आता कळलंय, कॉल नंबर म्हणजे पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारा आकडा. संगणकावर शोधलं, एक पुस्तक निघालं, पुढं 'उपलब्ध' असं हिरव्या अक्षरात. नंबर ३३८.१०९५४७९२. तिसऱ्या मजल्यावर तीनदा जाऊन आले. आकडा एवढा मोठा म्हणून ३३८.१ संपतं तिथपर्यंत, ३३८.१९ च्याही पुढं बघितलं. नाही. बसून शोधावं म्हटलं तर वाचनकक्षात प्रत्येक खुर्चीवर एमपीएससीवाल्यांची पाण्याची बाटली नाहीतर शाल.

तर हे पुस्तक कुठं असेल? जुनी वर्तमानपत्रं मागितली तर देतात का? आणि आपला पूर्ण विषय सांगून काउंटरवर विचारलं तर चालतं का, की तेवढा वेळ त्यांना नसतो?

थीसिसग्रस्त

पीएच.डी.चं पाचवं वर्ष चालू आहे, त्यामुळे सल्ला द्यायला मोकळा आहे.

आधी शोधगंगा बघ. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची साइट आहे, देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथं फुकट वाचता येतात. दुष्काळावर, रोजगार हमीवर, सातारा-सांगली-सोलापूरवर बरंच मिळेल. एक मेख आहे. मराठी प्रबंध बऱ्याचदा पानांचे फोटो काढून, प्रकरणवार पीडीएफ करून चढवलेले असतात, त्यामुळे आतला शब्द टाकून शोधलं तर काही हाती लागत नाही. शीर्षक, विभाग, मार्गदर्शक यांवरून शोध. प्रबंध उघडलास की पहिलं प्रकरण नको, थेट शेवटची संदर्भसूची काढ. कुणीतरी चार वर्षं उन्हातान्हात फिरून ती केलेली असते. सूची घे, परिच्छेद घेऊ नकोस, साम्य तपासणारं सॉफ्टवेअर सगळीकडे बसलंय.

इंग्रजी लेखांसाठी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना आहे. १ जानेवारी २०२५ पासून सरकारी विद्यापीठांना ३० प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं त्यातून मिळतात. कॅम्पसच्या वायफायवर बघ. हॉस्टेलबाहेर राहत असशील तर घरून वापरायला लॉगिन लागतं, ते ग्रंथालयातच मिळतं. म्हणजे काउंटर काही चुकत नाही.

काउंटर_नं_३

ताई, मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. रॅक लावण्यापासून सुरुवात, देवघेव काउंटरवरून निवृत्त. कुठलं विद्यापीठ ते मीही सांगत नाही, पेन्शन चालू आहे.

मोबाईल नंबर देणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत. एकानं मला बापाचा नंबर दिला होता, "माझा लागत नाही" म्हणून.

आधी तुमचं पुस्तक. ते तुम्ही चुकीच्या टोकाला शोधलंत. टिंबानंतरचा आकडा शाळेतल्या दशांशासारखा वाचायचा, एकेक घर करत. ३३८.१०९५४७९२ दिसायला लांबलचक, पण टिंबानंतर एक, मग शून्य. म्हणजे तो ३३८.११ च्याही आधी येणार, ३३८.१ सुरू होतं त्याच्या जवळच. लांबी बघून फसायचं नाही. एम.एस्सी. गणितवालेही इथं फसलेले मी पाहिलेत.

आणि हा आकडा मुका नाही. ३३८.१ म्हणजे शेतीचं अर्थकारण. पुढचे ०९ म्हणजे कुठल्या तरी काळाचा किंवा प्रदेशाचा हिशेब. ५४ भारत, ५४७ पश्चिम भारत, ५४७९२ महाराष्ट्र. अमेरिकेतल्या मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली ही पद्धत काढली, तिच्यात आपला महाराष्ट्र शेपटाला येऊन बसलाय. खाली लेखकाच्या नावाची अक्षरं असतात, ती शेवटी जुळवायची.

आता 'उपलब्ध'. त्याचा अर्थ एवढाच की ते कुणाच्या नावावर चढलेलं नाही. रॅकवर आहे असं संगणक म्हणतच नाही. ते परत येऊन ट्रॉलीवर पडलेलं असेल. कुणीतरी टेबलावर उघडं टाकून चहाला गेलं असेल. बाइंडिंगला गेलं असेल आणि नोंद करायची राहिली असेल. संगणकावर त्याच ओळीत 'ठिकाण' लिहिलेलं असतं तेही वाचा. अर्थशास्त्र विभागाच्या ग्रंथालयातली प्रत असेल तर तिसऱ्या मजल्यावर जन्मभर शोधून मिळणार नाही. आणि परीक्षा जवळ आली की पोरं पुस्तकं लपवतात. एकच प्रत, दुसऱ्याला मिळू नये म्हणून. शेतीच्या अर्थकारणाचं एक पुस्तक मला ६४१ मध्ये, पाककलेच्या रांगेत सापडलं होतं. लपवणाऱ्यानं जागा हुशारीनं निवडली होती, आमच्याकडे त्या रांगेत वर्षभर कुणी फिरकायचं नाही.

म्हणून रॅकवर नसलं तर अर्धा तास आजूबाजूला बघा, आणि मग नंबर, शीर्षक, दाखल क्रमांक (त्या प्रतीचा ग्रंथालयातला नोंदणी क्रमांक) कागदावर लिहून काउंटरवर द्या. "सापडत नाही, शोधून ठेवाल का?" एवढंच म्हणा. काउंटरवरच्या माणसाला कुठल्या ट्रॉलीवर काय पडलंय ते तोंडपाठ असतं.

पण तुमची खरी अडचण हे पुस्तक नाहीच. तुम्ही 'दुष्काळ' शब्द धरून एका रॅकपाशी उभ्या आहात. या पद्धतीत पुस्तकं शब्दानं बसत नाहीत, शास्त्रानं बसतात. पाऊस का पडला नाही ते ५५१.५७ ला. अन्नटंचाई ३६३.८ ला. मजुरी आणि रोजगार ३३१ मध्ये. तलाव-बंधारे ६२७ ला, तिथं सगळे इंजिनिअर. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ ला. दुष्काळात होरपळलेली माणसं कथा-कादंबरीत भेटतात, ती ८९१.४६ ला, मराठी साहित्यात. एकच दुष्काळ, तीन मजल्यांवर. एक पुस्तक हाती लागलं की त्याच्या डावीकडची पाच आणि उजवीकडची पाच उघडून बघायची, हा माझा नेम होता. संगणकाला शीर्षक कळतं, शेजार कळत नाही.

संगणकावर शोधतानाही 'दुष्काळ' एकदाच टाकून थांबू नका. जुन्या मराठी पुस्तकांच्या नोंदी कुणी देवनागरीत केल्या, कुणी रोमनमध्ये, आणि रोमनमध्ये प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. आमच्याकडे एकाच लेखकाची पुस्तकं फडके नावाच्या दोन इंग्रजी स्पेलिंगांखाली वाटली गेली होती, सख्खे भाऊ वेगळे निघाल्यासारखी. 'अवर्षण' टाका, 'टंचाई' टाका, 'रोजगार हमी' तर टाकाच. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला ज्याचा प्रयोग केला तीच योजना बहात्तरला राज्यभर पसरली आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. तुमच्या आजींच्या खडीचा कागद तिथं असेल.

वर्तमानपत्रं देतात, पण मागायची रीत आहे. 'बहात्तरचे पेपर द्या' म्हटलं तर नियतकालिक विभागातला माणूस तुमच्याकडे बघतच राहील. बांधीव अंक महिन्यामहिन्याचे असतात, एकेक दहा किलोचा. पेपरचं नाव आणि महिना सांगा. जुलै १९७२ पासून सुरू करा आणि पुढच्या वर्षीच्या पावसापर्यंत या. दिवसाला दोन गठ्ठ्यांपेक्षा जास्त मागू नका, वाचून होत नाहीत. पान दोन्ही हातांनी उलटा, कडा पापडासारख्या मोडतात.

आणखी एक कपाट आहे, तिकडे कुणी जात नाही. सरकारी प्रकाशनं. संगणकावर त्यांची नोंद असेलच असं नाही. तिथं १९७१ च्या जनगणनेची सातारा जिल्ह्याची हस्तपुस्तिका मागा, इंग्रजीत आहे, गाववार तक्ते आहेत. जोडीला मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरचा १९ वा खंड, सातारा, १८८५ चा. त्यात १८७६-७७ चा दुष्काळ आहे. सरांना शंभर वर्षांचा कागद दाखवता येईल.

शेवटचा प्रश्न, विषय सांगितलेला चालतो का. ताई, एकतीस वर्षांत लोकांनी मला "हे पुस्तक आहे का" विचारलं, मी "आहे" नाहीतर "नाही" म्हटलं, आणि ते निघून गेले. "मला अमुक शोधायचंय, कुठं बघू?" असं विचारणारे वर्षाला दहाबारा. त्यांची नावं मला अजून आठवतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं लिहिली, त्यातलं चौथं 'वाचकाचा वेळ वाचवा'. आमच्याकडे ते फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं आणि त्याच्या बरोबर खाली रांग लागायची. म्हणून रांग असताना विषय सांगू नका. सकाळी उघडल्या उघडल्या जा, किंवा दुपारी जेवणानंतर. आणि देवघेवीच्या खिडकीवर नको, संदर्भ विभागात जा. तिथल्या माणसाला पगारच त्याचा मिळतो.

पेठेतला_भाडेकरू

पुण्यात येणं जमत असेल तर गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय गाठा. संस्था १९३० ची, पण पुस्तकांचा संग्रह १९०५ पासूनचा, भारत सेवक समाजाचा. शेती, दुष्काळ, सरकारी अहवाल यांसाठी महाराष्ट्रात मी तरी याहून चांगली जागा पाहिली नाही. त्यांची कितीतरी जुनी पुस्तकं स्कॅन करून नेटवरही ठेवलेली आहेत, आधी ती बघा, एसटीचं भाडं वाचेल. जायचंच ठरलं तर विभागप्रमुखांचं पत्र घ्या आणि आधी फोन करून वेळ विचारा. काका म्हणतात तसं विषय सांगा. मी तिथं एका अहवालासाठी गेलो होतो, चार घेऊन बाहेर आलो.

माणदेशी_मुलगी

काका, सापडलं! ३३८.१ च्या पहिल्याच रॅकवर, सगळ्यात खालच्या फळीत. मी तीन वेळा त्याच्यासमोरून पुढं गेले होते. शेजारची पाच-पाच बघितली, त्यातली दोन कामाची निघाली. एक १९७५ पासून कुणी नेलेलंच नाही, मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का तोच आहे.

शुक्रवारी सकाळी संदर्भ विभागात गेले. मॅडम एकट्याच होत्या, डबा उघडत होत्या. मी विषय सांगितला, आजीचंही सांगितलं. त्यांनी डबा झाकला आणि किल्ल्या घेऊन उठल्या. त्या कपाटात जनगणनेची हस्तपुस्तिका होती, वर बोटभर धूळ. आमचं गाव आहे त्यात! लोकसंख्या, शाळा, आणि पिण्याच्या पाण्याच्या रकान्यात एक अक्षर. मॅडमनी सुरुवातीच्या पानावर बघून सांगितलं, त्याचा अर्थ विहीर.

रात्री आजीला फोनवर सांगितलं, सरकारनं आपल्या गावात विहीर लिहिलीय. ती म्हणाली, "हीर हुती की. पाणी कुठं हुतं तिच्यात? सरकारनं वाकून बघितलं न्हवतं."

आता हे प्रबंधात कसं घालू? आणि पुस्तिका घरी देत नाहीत, तिथंच बसून वाचायची. मला बरीच पानं लागतील. झेरॉक्स काढू का?

काउंटर_नं_३

आजींचं वाक्य आहे तसं, त्यांच्याच बोलीत लिहून काढा. खाली तारीख आणि फोनवर सांगितलं अशी नोंद. पण सांभाळून, जनगणना १९७१ ची आणि तुमचा दुष्काळ बहात्तरचा. त्यांना पुन्हा विचारा, विहीर नेमकी कुठल्या साली आटली आणि त्याआधी उन्हाळ्यात पाणी कुठून आणायच्या. सर पहिला प्रश्न हाच काढतील.

झेरॉक्स नको, जुन्या बाइंडिंगचा कणा मोडतो. मॅडमना विचारून मोबाईलवर फोटो घ्या. पहिला फोटो मुखपृष्ठाचा, दुसरा साल छापलंय त्या पानाचा, तिसरा त्या अक्षरांचे अर्थ दिलेत त्या पानाचा, आणि मग तुमची पानं. प्रत्येक फोटोत पान क्रमांक आला पाहिजे. नाहीतर दोन महिन्यांनी मोबाईलमध्ये चारशे तक्ते असतात आणि कुठला कशातला ते कळत नाही. मग लोक माझ्या काउंटरवर येऊन म्हणायचे, "ते निळं पुस्तक होतं बघा, जाडसं."