ट्रॉली बाहेर काढली तरी पॅनेल जिवंतच
"ब्रेकर ट्रिप केला, दिवा विझला की पॅनेल उघडायला हरकत नाही," असं उच्च दाबाच्या वीज पॅनेलच्या देखभालीबद्दलच्या चर्चेत एकांनी लिहिलंय. कृपया असं करू नका. दिव्याचा बल्बच गेलेला असू शकतो. शिवाय व्हॅक्यूम ब्रेकरचे (निर्वात बंद नळीत वीज तोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट सुटलेत की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही.

११ केव्हीच्या (११,००० व्होल्टच्या) पॅनेलमध्ये ट्रॉली (ब्रेकर बसवलेली सरकती गाडी) बाहेर ओढली तरी शटरमागे (मागच्या जोडण्या झाकणाऱ्या पडद्यामागे) बसबार (वीज वाहून नेणारी मुख्य धातूची पट्टी) चालूच असतो. केबलच्या बाजूनेही पलीकडून पुरवठा येऊ शकतो. त्यामुळे शटर हाताने उचलून आत डोकावणं अजिबात नको. आयसोलेट करा (सगळ्या बाजूंनी पुरवठा तोडा), स्वतःचं कुलूप लावा, किल्ली आपल्याच खिशात ठेवा. मग व्होल्टेज डिटेक्टर आधी चालतोय का ते बघा, तिन्ही फेजना लावा आणि पुन्हा एकदा डिटेक्टर तपासा. ही शेवटची तपासणी घाईत राहून जाते, आणि मला सगळ्यात काळजी तिचीच वाटते. त्यानंतरच अर्थिंग, म्हणजे वाहक जमिनीशी जोडणं, कारण लांब केबलमध्ये पुरवठा तोडल्यावरही चार्ज साठून राहतो.

साफसफाई करताना इन्सुलेटरवर पांढरट भुकटी किंवा फांद्यांसारख्या बारीक काळ्या रेषा दिसल्या तर पुसण्याआधी फोटो काढा. तिथे पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशनच्या एखाद्या भागात होणाऱ्या बारीक विद्युत ठिणग्या) होत असण्याची दाट शक्यता असते.