जांबोटीत खरंच तिप्पट पाऊस पडतो, की मैत्रिणीच्या बरणीतच गडबड आहे?

पागोळी_वडगाव | 14 जुलै, सकाळी 9:50

नमस्कार मंडळी. इथं घरच्या घरी पाऊस मोजणारं कोणी आहे का? हौसेनं, बाटली-बिटली लावून? असेल तर माझा एक वाद मिटवून द्या. घरात मला या बाबतीत कोणी विचारत नाही आणि वर्गमैत्रिणींच्या ग्रुपवर तर माझी रोज टर उडवतात.

मी वडगावची. बेळगावातलं वडगाव, पुण्याकडच्यांनी भलतं समजू नये. वय एकसष्ट. गुडघ्यांमुळं फिरणं बंद झालं आणि गेल्या वर्षीच्या मृगापासून हा नाद लागला. दोन लिटरची थंड पेयाची बाटली घेतली, खांद्यापाशी कापली, वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवला. बाहेरून नातवाची मोडकी पट्टी चिकटवली. त्या बाटलीच्या बुडाला पाच पाकळ्या असतात, तिथं माप नीट लागत नाही, म्हणून पाकळ्या बुडतील इतकं पाणी आधीच ओतायचं आणि तिथं शून्य धरायचं. झालं यंत्र तयार. रोज सकाळी चहाच्या आधी वाचून येते.

आकडा लिहिते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. तिथंच दुधाचाही हिशोब असतो, ही चूक माझीच. आमच्यात रोज एक लिटर दूध, पाहुणे असले तर दोन-तीन. जूनच्या सुरुवातीला पाऊस 2, 5, 3 मिलिमीटर असाच पडत होता. महिनाअखेरीस बिल द्यायला आमचे हे कॅलेंडरसमोर पेन्सिल घेऊन उभे राहिले आणि दूध-पाऊस सगळं एकत्र बेरजेत धरलं. 34 आणि 41 या आकड्यांपुढं मात्र प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं, एवढी अक्कल शाबूत होती. गवळीमामा बिचारे इमानदार. म्हणाले, "साहेब, माझ्या वहीत तीस लिटर हाय, वरचं बावीस कुठनं आणलासा?" तेव्हापासून घरात पावसाचा विषय काढला की हे फक्त "दूध आलं का?" एवढंच विचारतात.

त्यात गेल्या आठवड्यात डासांच्या अळ्या बघायला घरोघर फिरणाऱ्या ताई आल्या. परसात गेल्या, बाटली बघितली, "साठलेलं पाणी ठेवायचं न्हाई री मावशी" म्हणाल्या आणि माझ्यासमोर ती मोरीत उपडी केली. त्यांचं काय चुकलं म्हणा. पण कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात मला रेघ मारावी लागली.

आता मूळ प्रश्न. माझी एक मैत्रीण जांबोटीला असते. शाळेत एका बाकावर होतो आम्ही. तिनंही माझं बघून मोजायला सुरुवात केली. आता तिकडं पाऊस जास्त असणार हे मलाही कळतंय. पश्चिमेला घाट, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथं आभाळ फाटतंच. पण माझे 62 आले की तिचे 180! माझे 20 आले की तिचे 70! आणि प्रत्येक वेळी पुढं ते छत्रीचं चित्र. ग्रुपवर आमची पैज लागलीय, जिचं माप चुकीचं निघेल तिनं सगळ्यांना अर्धा किलो कुंदा, आमची बेळगावची खव्याची मिठाई, आणायचा. निपाणीची तिसरी मैत्रीण पंच. ती स्वतः काही मोजत नाही, पण कुंदा खाणार म्हणून पंच.

तर सांगा, तिचं माप बरोबर असेल का? आणि माझी बाटली परसात पेरूच्या झाडाजवळ, शेजारच्यांच्या पत्र्याच्या शेडला लागून आहे, ते चालतं का?

---

खडू_आणि_छडी | 14 जुलै, सकाळी 11:05

पागोळीताई, निपाणीत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर कोणी मापाबद्दल विचारत नाही, त्यामुळं उत्तर थोडं लांबेल.

आधी तुमचं बघू. झाडाजवळ आणि पत्र्याशेजारी अजिबात चालत नाही. झाड पाऊस अडवतं आणि मागाहून वारा सुटला की पानांवरचं पाणी बाटलीत झटकतं. पत्र्याचं तर विचारूच नका, वाऱ्यानं त्याची धार तिरकी झाली की तुमच्या बाटलीत शेजाऱ्यांचा पाऊस जमा. आडोसा जेवढा उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब बाटली असावी. गच्चीचा मोह टाळा, वर वारा जोरात असतो, थेंब तोंडावरून वाहून जातात. बाटलीचं तोंड जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटरवर हवं, हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचंही तसंच असतं. खाली शहाबादी फरशी असेल तर थेंब उसळून आत येतात, गवत किंवा माती बरी.

वेळ सकाळी साडेआठची पाळा. आणि आकडा वाचल्या दिवसाच्या तारखेवर मांडायचा, पाऊस आदल्या दुपारी पडलेला असला तरी. निम्मे वाद इथंच होतात. एक बाई सकाळी वाचते, दुसरी रात्री झोपताना, मग एकाच पावसाचे दोन दिवस होतात.

पाकळ्यांचं पाणी नको असेल तर बुडात बारीक खडी घालून वर पांढऱ्या सिमेंटचा पातळ थर द्या. सपाट झालं की तिथून शून्य. डासही नाहीत आणि त्या ताईही रागवायच्या नाहीत.

तुमच्या बाटलीचा वरचा तुकडा त्याच बाटलीचा आहे, म्हणजे तोंड आणि पोट एकाच मापाचं. तिथं भागाकार लागत नाही. जांबोटीच्या बाईंचं भांडं कसलं आहे? नरसाळं आहे का? दोन्हींचा व्यास कळवा.

---

शिवार_येळ्ळूर | 14 जुलै, दुपारी 12:40

अक्का, तुमची कुंद्याची पैज चालू दे. मी शेतकरी माणूस, माझा पाऊस मिलिमीटरमधी न्हाई. ढेकूळ विरघळलं म्हणजे एक पाऊस, बांधावरनं पाणी गेलं म्हणजे दुसरा, आणि बळ्ळारी नाला उलटा शिवारात घुसला म्हणजे तिसरा. तो तिसरा आला की लावलेलं रोप तीन-चार दिवस पाण्याखाली, मग कुजलेलं उपटून परत चिखल करायचा, परत लावण. दुसऱ्यांदा रोप आणायचं कुठनं हे कुणी सांगत न्हाई. 2019 च्या ऑगस्टात तर शिवार कुठलं आणि नाला कुठला तेच कळत नव्हतं.

तरीपण एक विचारतो. शहरातलं सगळं पाणी त्या नाल्यातनंच शहापूर-वडगावच्या शिवारात येतंय. तुमच्याकडं रात्रीत किती पडला ते सकाळी कळलं तर मला उपयोग हाय. 62 म्हणजे किती हो, मास्तर? घागरीत सांगा.

---

खडू_आणि_छडी | 14 जुलै, दुपारी 1:15

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की बरोबर एक लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. तुमचा एकरभर तुकडा धरला तर 62 मिलिमीटरला अडीच लाख लिटर. पाच हजारांचे पन्नास टँकर, फक्त एका एकरात, एका रात्रीत. घागरी तुम्ही मोजा.

---

शिवार_येळ्ळूर | 14 जुलै, दुपारी 1:22

पन्नास टँकर! आणि एप्रिलमधी एका टँकरासाठी भांडणं.

---

पिंपरीतला_अनगोळकर | 14 जुलै, दुपारी 2:30

विषय सोडून एक. माझी आई रोज सकाळी पेपरातला राकसकोपच्या पातळीचा चौकोन फोटो काढून पाठवते. 2475 फुटांना जलाशय भरतो हे मला माझ्या आधार क्रमांकापेक्षा जास्त पाठ आहे. इथं ऑफिसात कोणाला सांगावं तर धरणाची पातळी फुटात का म्हणून विचारतात. काकू, तुमचे आकडे इथं रोज टाकत जा की. आईच्या फोटोत निम्म्या वेळा अंगठाच असतो.

---

कणकुंबी_रोड | 14 जुलै, दुपारी 4:10

काय गे! माझं नाव न घेता सगळ्या गावाला सांगूलीस की! लेकीनं हे पान उघडून दाखवलं आणि पहिल्या दोन ओळींतच ओळखलं तुला. दुधाची गोष्ट ग्रुपवर का नाही सांगितलीस?

मास्तर, मीच ती जांबोटीची. माझं सगळं व्यवस्थित आहे. बाटलीबिटली नाही, लोणच्याची काचेची बरणी आहे, वरपासून खालपर्यंत सरळ. अंगणात मोकळ्यावर, झाड नाही, पत्रा नाही. तोंडाशी सासूबाईंच्या वेळचं रॉकेलचं नरसाळं ठेवलंय, जड आहे, वाऱ्यानं हलत नाही. शिवणाच्या टेपनं मोजलं आत्ता. बरणी आतून 10 सेंटिमीटर, नरसाळं वर 15. वाचते साडेआठलाच, कारण तेव्हा लाईट गेलेली असते आणि दुसरं काही करता येत नाही.

आणि हिला सांगा, जांबोटीत पाऊस पडतो म्हणजे पडतो. आमच्याकडं जूनमध्ये वाळत घातलेला टॉवेल गणपतीला वाळतो.

---

खडू_आणि_छडी | 14 जुलै, दुपारी 4:35

सापडलं. बाई, दोष त्या नरसाळ्याचा. ते 15 सेंटिमीटर रुंदीवरचा पाऊस गोळा करतं आणि 10 सेंटिमीटरच्या बरणीत ओततं. मग पाणी चढणारच.

आता इथं बहुतेक जण 15 भागिले 10 म्हणजे दीड करतात. तसं नाही. पाऊस क्षेत्रफळावर पडतो, म्हणून दीडचा वर्ग, सव्वादोन. बरणीतला आकडा सव्वादोननं भागायचा. तुमचे 180 म्हणजे 80. ते 70 म्हणजे 31.

नाराज होऊ नका. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर गेला की हवामान खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं. तुमचे 80 त्यात बसतात. ताईंचे 62 थोडक्यात हुकले.

भागाकार नको असेल तर दुसरा उपाय. 11.3 सेंटिमीटर व्यासाचं तोंड घ्या, त्याचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर भरतं. मग भांडं कसल्याही आकाराचं असू दे. जमलेलं पाणी मिलिलिटरच्या मापात ओता, दर 10 मिलिलिटरला 1 मिलिमीटर पाऊस. बाळाची दूध पाजायची बाटली याला उत्तम, तिच्यावर खुणा असतात.

---

पागोळी_वडगाव | 14 जुलै, संध्याकाळी 6:20

मास्तर, बाळाची बाटली घेऊन मी परसात पावसाचं पाणी मोजताना दिसले तर सून माहेरी जाईल. आणि दुधाचं नावच नको आता आमच्या घरात.

पण 80! ऐकलंस का गे? सव्वादोनपट! मी म्हणतच होते. कुंदा ताजा आण, दाणेदार, खव्याचा रंग नीट उतरलेला. फ्रीजमध्ये ठेवून दगड झालेला नको.

---

कणकुंबी_रोड | 14 जुलै, संध्याकाळी 6:31

जास्त नाचू नकोस. पहिलं उत्तर परत वाच. पेरूचं झाड, शेजारचा पत्रा. तुझे 62 तरी कुठं तुझे आहेत? निम्मे त्या पत्र्याचे असतील. माझा आकडा भागला की खरा होतो, तुझा कशानं भागायचा?

मास्तर, खरं सांगा.

---

खडू_आणि_छडी | 14 जुलै, संध्याकाळी 7:02

खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर आहे. नरसाळ्याची चूक रोज सारखी असते, त्यामुळं मागचे सगळे आकडे दुरुस्त करता येतात. पत्र्याची चूक वाऱ्यावर ठरते, ती काढता येत नाही. पागोळीताईंचं मागचं वर्ष अंदाजपंचेच धरावं लागेल.

---

पागोळी_वडगाव | 15 जुलै, सकाळी 9:05

रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू. वर्षभराचे आकडे, आणि अंदाजपंचे! नावसुद्धा मी पागोळी घेतलं होतं इथं, बघा. शेजाऱ्यांच्या पागोळ्याच मोजत बसले होते.

काल अंधार पडायच्या आधी यांना बोलावून बाटली हलवली. परसात एकच मोकळी जागा आहे, तुळशी वृंदावनाच्या पुढची. तिथं एक वीट, वर बाटली, दोरीनं बांधलेली. हे म्हणाले, तुळशीला प्रदक्षिणा घालताना आता बाटलीलाही पडणार. दुप्पट अंतर काही बसत नाही मास्तर, पण पत्रा लांब गेला. सिमेंट रविवारी.

आज बरोबर साडेआठला वाचलं: 38. जांबोटीचा भागून 41 आलाय म्हणे, छत्रीचं चित्र नाही आज. तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा, दोन्हीकडं सारखाच लागलाय.

निपाणीच्या पंचांनी निकाल दिलाय की दोघीही चुकल्या, म्हणून दोघींनी अर्धा-अर्धा किलो आणायचा. म्हणजे एकूण एक किलो. तिनं हे आधीच ठरवलं होतं असा माझा संशय आहे.

---

शिवार_येळ्ळूर | 15 जुलै, सकाळी 9:30

38 कळलं अक्का. नाला अजून काठाच्या आत हाय, आत्ताच बघून आलो. रात्री जोर धरला तर उद्या साडेआठला लगेच टाका, मी नऊला बांधावर असतो.