शब्दचर्चा : वाजपी बसतात त्या जागेला काय म्हणायचं?

सीमावासी
नमस्कार मंडळी. आमच्या गावची लक्ष्मी यात्रा बऱ्याच वर्षांनी आलेय आणि यावेळी कमिटीनं ठरवलंय की गदग्यासमोर (यात्रेत देवीला बसवतात ते आसन) दरवेळी पत्र्याचा मांडव घालत बसण्यापेक्षा कायमचं काहीतरी बांधून टाकायचं, वाजपी, भजनी मंडळ, धनगरी ढोलवाले सगळ्यांची सोय होईल असं. एकाचा पाहुणा आर्किटेक्ट आहे, त्यानं प्लॅन काढून पाठवला, प्लॅन चांगला आहे पण त्या जागेवर 'परफॉर्मन्स स्टेज' असं लिहिलंय. म्हातारी माणसं विचारली हे काय, मी 'रंगमंच' सांगितलो, तर म्हणाली यात्रेत नाटक हाय काय. मग एकजण नगारखाना म्हणाला, दुसरा नौबतखाना, तिसरा रंगमंडप आणि मीटिंग तिथंच संपली. पाटीवर कोरायचं आहे, खरा शब्द कुठला? (आणि 'मी सांगितलो'ला पुणेकरांनी हसू नये, आमच्यात असंच बोलतात.)

खानापूरकर
नगारखाना नको. नगारखाना म्हटलं की दरवाजा आला आणि दरवाज्यावर माडी आली. नगारा उंचावर ठेवायचा कारण तो समोर बसलेल्यासाठी नसतोच, तो वेशीबाहेरच्या माणसाला कळावं म्हणून असतो. कोल्हापूरच्या जुन्या राजवाड्याचा बघा, किंवा रायगडचा. रायगडला राजसभा २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद, एका टोकाला सिंहासन आणि दुसऱ्या टोकाला नगारखाना, आणि दारात हळू बोललेलं सिंहासनापाशी ऐकू येतं असं गडावरचा प्रत्येक गाईड सांगतो. तुमचे वाजपी जमिनीवर देवीसमोर बसणार, त्यांना माडीवर चढवून काय करणार?

निपाणीवाली
आणि नौबतखाना तर त्याहून नको दादा. नौबत हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, मूळ अर्थ पाळी, वेळ. ठराविक वेळेला वाजवायचं म्हणून नौबत. 'हात पसरायची नौबत आली' म्हणतो त्यात पण तीच नौबत, म्हणजे तशी वेळ आली. रोज ठरलेल्या वेळी सनई-चौघडा होतो अशा देवस्थानाला ते नाव शोभतं, तुमची यात्रा इतक्या वर्षांनी एकदा, एरवी पहाटे तिथं कोण उठून वाजवणार? चौघड्याचं पण तेच, त्यातला 'घड' घडीचा का घड्याचा ह्यावर लोक भांडतात, मला घडीवालं पटतं, चार घटका म्हणजे ९६ मिनिटं. पण कसंही असलं तरी ते नेमानं वाजायचं काम.

खानापूरकर
बरोबर ताई. मग रंगमंडप राहतो. संस्कृतात 'रंग' म्हणजे नाचगाण्याची, नाटकाची जागासुद्धा, रंगभूमीतला रंग तोच. देवळाच्या मंडपात मधोमध गोल दगड, रंगशिळा, आणि त्यावर देवासमोर सेवा व्हायची. आपल्या भागात नमुने पण कमी नाहीत. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) १२०४ ची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली, तिच्या मंडपाचं छत म्हणजे उलटं लोंबणारं दगडी कमळ. खिद्रापूरला कोपेश्वराचा स्वर्गमंडप तर वरून उघडाच, छताला गोल भोक आणि बरोबर त्याच्याखाली जमिनीवर गोल शिळा. (खिद्रापूर आहे महाराष्ट्रात, पण त्याचा नंदी आपल्याकडं कर्नाटकात यडूरला आहे म्हणतात, म्हणजे सीमावाद तेव्हापासूनचा.) आणि हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर, मध्ये मंडप. तिथं बसून वाजवणाऱ्यानं पाठ कुणाला करायची हा प्रश्न मला कायम पडतो, बहुतेक आडवं बसत असतील.

पुण्यातून
मग हंपीसारखे वाजणारे खांबच करा की 🙂

सीमावासी
विठ्ठल मंदिरातले ५६ ना, बघितलो आहे. आता हात लावू देत नाहीत. आमच्या बजेटात आरसीसी बसतंय, ते वाजलं तर कॉन्ट्रॅक्टरला धरावं लागेल.

रायबागचा
सगळं वाचलो. तुम्ही एकच बिल्डिंग धरून चाललाय म्हणून एकच शब्द शोधताय, पण तिथं वाजणार कोण कोण ते आधी बघा की. मी धनगर घरातला, आमच्याकडं चिंचलीच्या मायाक्का देवीला माघात ढोल घेऊन जातात, त्यामुळं ढोलाचं सांगतो. गजी नाचात ढोल आणि कैताळ (झांजेसारखं वाद्य) मध्ये आणि नाचणारे भोवती गोल फिरतात, हातात रुमाल, पाय आपटत, बसत, उठत. त्याला खांब नको, पायरी नको, छत तर नकोच. खाली माती पाहिजे. आजकाल सगळीकडं पॉलिश ग्रॅनाइट घालतात, त्यावर भंडारा उधळला आणि थोडं पाणी सांडलं की माणूस घसरलाच म्हणून समजा. ह्या जागेला आम्ही रिंगण म्हणतो, वारीवाले पण म्हणतात.

भजनाचं एकदम उलटं. तिथं शब्द ऐकू आला पाहिजे. बुटकं छत, कौलारू असलं तर उत्तम, तिन्ही बाजू मोकळ्या, बैठक दीड-दोन फूट उंच, झालं. नवीन हॉलमध्ये काय होतं की खाली टाइल, वर स्लॅब, समोर गुळगुळीत भिंत, मग टाळ आणि पखवाज मिळून नुसता गलका आणि अभंग कुठला चाललाय ते पुढच्या ओळीलाच कळतं. समोरची भिंत १७ मीटरच्या पुढं गेली की टाळीचा आवाज वेगळा होऊन परत येतो, हे त्या आर्किटेक्टला माहीत असणार, पण त्याला कुणी सांगितलंय काय की इथं टाळ वाजणार आहेत? परफॉर्मन्स लिहिलं म्हणजे त्याच्या डोक्यात माईक आणि स्पीकरच.

आणि हलगी. हलगीचं कातडं सैल पडलं की जाळावर धरावं लागतं. वाजवणारा वाळका पाला, कागद पेटवतो, हलगी कडेनं फिरवत फिरवत शेकतो, बोटानं टिचकी मारून बघतो, ठणठणीत आवाज आला की परत मेळात. पावसाळी हवा असली तर सारखंच. आता हे कुठं करायचं? मांडवाच्या मागं, गाड्यांच्या मध्ये करतात, ते बरं दिसत नाही आणि धोका पण आहे. प्लॅनमध्ये दगडी कोनाडा किंवा साधा खड्डा दाखवायला सांगा.

मंदिर बांधणारे छत आधी ठरवतात आणि वाद्याला नंतर कुठंतरी कोंबतात, हे मला मुळातच पटत नाही. गोंधळात बघा, आधी चौक भरतात, घट मांडतात, त्यावर पाच ऊस नाहीतर जोंधळ्याची ताटं उभी करून वर बांधतात, तेवढाच मांडव. संबळ आणि तुणतुणं त्याच्यासमोर.

निपाणीवाली
हे पटलं. म्हणजे बैठकीला 'कट्टा' आणि मोकळ्या जागेला 'रिंगण'. वाजप्यांचा कट्टा, कुणालाही विचारावं लागणार नाही.

खानापूरकर
रंगमंडप सोडवत नाही मला, पण खांबच नसतील तर मंडप कसला म्हणायचा. ठीक आहे, कट्टा. पण मग गदगा का गदगी तेही ठरवा एकदा, निमंत्रणपत्रिकेत प्रत्येकजण वेगळं छापतो.

सीमावासी
बोलताना आम्ही 'गदगा' म्हणतो, पेपरात मात्र 'देवी गदगेवर विराजमान' असंच येतं, आणि गदगेवर म्हटल्यावर मूळ शब्द गदगी किंवा गदगे धरावा लागेल.

रायबागचा
कन्नड 'गद्दिगे'. आसन, सिंहासन, मठात स्वामींची समाधी असते तिला पण गद्दिगेच म्हणतात. आपली गादी त्याच घरातली. त्यामुळं 'गदगे' जास्त जवळचं, पण गाव गदगा म्हणत असेल तर गदगाच लिहा, देवी काय परत जाणार नाही.

सीमावासी
आभारी आहे सगळ्यांचा. काल प्लॅनवर स्टेज खोडून दोन जागा वेगळ्या दाखवायला सांगितलो, कट्टा देवीच्या उजव्या हाताला आणि रिंगण बरोबर समोर, मातीचं. शेकायच्या खड्ड्याला पाहुण्यानं 'फायर पिट' लिहून पाठवलंय, असू दे, ते कोरायचं नाही. पाटी कन्नडात पण लावायची आहे, तिथं काय लिहू?

रायबागचा
'वाद्यद कट्टे' लिहा. आपला कट्टा त्यांच्या कट्टेचाच आहे. रिंगणाला पाटी कशाला पाहिजे, मोकळीच ठेवा, नाहीतर पाटीच्या खांबाला ढोल आपटेल.