मदत हवी आहे : शेततळ्यातले मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात, मोरचूद (कॉपर सल्फेट, शेवाळ मारायचं औषध) टाकू का?

नमस्कार मंडळी. सिन्नर तालुक्यात आमचं अस्तर घातलेलं शेततळं आहे. पाणी डाळिंबासाठी, त्यातच कटला, रोहू, मृगळ सोडलेत. श्रावण लागल्यापासून आभाळ उघडलेलं नाही आणि पाणी गर्द हिरवं झालंय. कोपरापर्यंत हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. पहाटे बघावं तर सगळे मासे वर, हवा गिळताहेत. काठावर पाय आपटला तरी खाली जात नाहीत. दिवस वर आला की आपोआप खाली जातात. काल मात्र मोठे कटले मेले, लहान मासे धडधाकट आहेत.

शेजारचे म्हणतात, शेवाळामुळे होतंय, मोरचूद टाका. दुसरे चुना टाकायला सांगतात. एअरेटर (पाण्यात हवा मिसळायचं यंत्र) नाही, पाणी उपसायची मोटर आहे. शेवाळ प्राणवायू सोडतं म्हणतात, मग हिरव्या पाण्यात मासे गुदमरतात कसे? विक्री दिवाळीनंतर आहे, फार धास्ती लागली आहे. कृपया लवकर सांगा.

उत्तर :

दादा, मोरचूद अजिबात टाकू नका. शेवाळ एकदम मेलं की ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायूही ओढून घेतात आणि एका रात्रीत तळं रिकामं होतं.

शेवाळ प्राणवायू सोडतं ते फक्त उजेडात. श्वास मात्र तेही रात्रंदिवस घेतं. मासे, शेवाळ, तळाचा गाळ, सगळे रात्रभर एकाच साठ्यातून घेतात, म्हणून तो पहाटे सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवसांत दिवसाची भरपाईही अपुरी पडते. आणि साठा असतो तरी केवढा! लिटरभर हवेत प्राणवायू 210 मिलिलिटर. 25 अंशांच्या लिटरभर पाण्यात हवेतून जेमतेम 6 मिलिलिटर विरघळतो. दाट शेवाळाच्या तळ्यात दुपारी तो याहून वर जातो, पहाटे मात्र अगदीच कमी उरतो. मोठे मासे आधी मेले, हे प्राणवायू कमी पडल्याचंच लक्षण आहे.

आज रात्रीच मोटर लावा. तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पडू द्या, मध्यरात्रीपासून चांगलं उजाडेपर्यंत. विहिरीचं पाणी सोडणार असाल तर तेही असंच फोडून सोडा, कारण खोल पाण्यात प्राणवायू कमी असतो. वीज रात्री नसेल तर डिझेल पंप भाड्याने आणा, पण रात्र चुकवू नका. खाद्य पूर्ण बंद. कोंडा-पेंड उरली की तीच कुजते आणि शेवाळाचं खतही होते. मेलेले मासे लगेच बाहेर काढा. चुन्याने प्राणवायू मिळत नाही; उलट हिरव्या पाण्याचा सामू (पीएच) दुपारी आधीच चढलेला असतो, चुन्याने तो आणखी वाढला की पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो.

मासे सावरले की पाणी थोडं थोडं बदला. जुनं पाणी डाळिंबाला द्या. तळ्याचा आकार, खोली आणि किती बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली होती ते कळवा, म्हणजे काही मासे आत्ताच काढून विकावेत का ते सांगता येईल. मला तरी गर्दी जास्त वाटते.