बागप्रेमी मंडळाच्या सहली आणि पाहुण्यांची भाषणं : तुमचे अनुभव लिहा

रानजाई
काल बसमध्ये शेजारच्या बाईंच्या मांडीवर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं रोप होतं. मधूनमधून कागदाची घडी उघडून बाटलीच्या झाकणाने पाणी शिंपडत होत्या. ते बघितलं आणि आमच्या गावचं बागप्रेमी मंडळच डोळ्यांसमोर आलं. सहलीला जाताना ऐसपैस असलेल्या बसमध्ये येताना पाय ठेवायला जागा नसायची. 'माणशी एकच रोप' हा नियम अध्यक्षबाईंनीच केलेला, आणि सगळ्यात मोठं खोकंही त्यांचंच!

एका सहलीत व्हिक्टोरिया लिली बघायला गेलो होतो. तिथल्या माळीदादांनी काठीने एका पानाची कड उचलून दाखवली. वरून गुळगुळीत हिरवं, आणि खालून नुसते काटे आणि जाड जाड शिरांचं जाळं. एवढं मोठं पान पाण्यावर तरंगतं ते त्या हवा भरलेल्या शिरांच्या जोरावर. इंग्लंडमधले माळी जोसेफ पॅक्सटन यांनी १८४९ साली तिथल्या चॅट्सवर्थच्या बागेत ही फुलवली, तेव्हा आपल्या लहान मुलीला पानावर उभं केलं होतं म्हणे. हे ऐकल्यावर आमच्यातल्या दोघीतिघी एकमेकींची वजनं विचारायला लागल्या.

पण खरी गंमत फुलाची. पहिल्या संध्याकाळी पांढरं उमलतं, आतून चक्क गरम होतं, वास सोडतं. भुंगेरे आत शिरले की फूल मिटतं आणि ते आत अडकतात. दुसऱ्या संध्याकाळी तेच फूल गुलाबी होऊन उघडतं आणि परागकणांनी माखलेले भुंगेरे दुसऱ्या पांढऱ्या फुलाकडे जातात. हे सगळं माळीदादांनी सांगितलं दुपारी. आमची बस परत निघायची पाच वाजता. खजिनदार घड्याळ दाखवायला लागले, जादा भाड्याचं बोलायला लागले. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, "मलापण बघायचंय, थांबू या." थांबलो. अंधारायला लागलं तसं एकेक पाकळी सुटली आणि वास आला तो थेट अननसाचा. खजिनदार सगळ्यांच्या पुढे.

लिहा तुमचेही. सहली, पाहुणे, भांडणं, सगळं चालेल.

पारंबी
मी पहिली! वाचते नंतर, मशीन लावून येते.

कुंडीतलाराजा
भाषण चालू असताना वीज गेली ती गोष्ट सांगतो. मधमाश्यांवरचे पाहुणे होते, सगळी चित्रं पडद्यावर दाखवायची होती. वीज गेली. चांगले भरभक्कम गृहस्थ. म्हणाले, "काही हरकत नाही, मीच करून दाखवतो," आणि टॉर्चच्या उजेडात मधमाशीचा नाच सुरू! सरळ रेषेत कंबर हलवत पुढे, मग उजवीकडून वळून परत, पुन्हा सरळ, मग डावीकडून. पोळ्यावर सरळ वरची दिशा म्हणजे सूर्य, त्यापासून जितकी तिरकी धाव तितकं सूर्यापासून बाजूला फूल. धाव जितकी लांबते तितकं फूल लांब. हा नाच उलगडणारे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल मिळालं त्यात हे काम होतं. इतकी भाषणं ऐकली, पूर्ण लक्षात राहिलेलं हे एकच. वीज आली तेव्हा सगळे ओरडले, "बंद करा, बंद करा!"

हिरवीमिरची
कंबर हलवत 😂😂 व्हिडिओ आहे का कुणाकडे?

कुंडीतलाराजा
@हिरवीमिरची तेव्हा फोनला कॅमेरेच नव्हते गं. नाहीतर गृहस्थ आज प्रसिद्ध असते.

चाफेकळी
आमच्याकडे एकदा एक पाहुणे आले ते भाषणाला कमी आणि बाटल्या विकायला जास्त. फुलं येत नाहीत? दोन थेंब. पानं पिवळी? दोन थेंब. कीड? तेच दोन थेंब. मागच्या रांगेतून आमचे आप्पा उठले. आप्पा म्हणजे कुणाचे सख्खे आप्पा नाहीत, सगळ्या गावाचे. म्हणाले, "यात नत्र, स्फुरद, पालाश किती किती आहे?" पाहुणे म्हणाले, हे त्याच्या पलीकडचं आहे. आप्पा म्हणाले, "मग आम्ही अलीकडचेच बरे," आणि चपला घालून बाहेर. अर्धी सभा त्यांच्या मागे. आभारप्रदर्शन करायचं होतं मला! कुणाचे मानू?

निवडुंग७
आप्पांना साष्टांग नमस्कार 🙏 खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश या तीन अन्नद्रव्यांचे ते आकडे का छापतात हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

सदाफुली_
विषयाला थोडं सोडून विचारते, राग नको. माझं हायड्रेंजिया आणलं तेव्हा निळं होतं, आता गुलाबी येतंय. नर्सरीवाल्याने फसवलं का?

मातीचेहात
@सदाफुली_ नाही हो ताई, फसवलं नाही. माती आम्ल असली की त्यातलं अॅल्युमिनियम मुळांना मिळतं आणि फूल निळं येतं. अल्कधर्मी झाली की ते मिळत नाही, मग गुलाबी. तुमचं पाणी जड म्हणजे क्षारांचं असेल, तेच रोज घालून माती बदलली. पावसाचं पाणी साठवून घाला, फरक पडेल. हळूहळू पडेल पण. पांढऱ्या जातीवर मात्र हा प्रयोग करू नका, ती पांढरीच राहते.

आता अनुभव. आमच्याकडे कंपोस्टवर बोलायला एक निवृत्त शेतकी अधिकारी आले होते. फळ्यावर काही लिहिलं नाही, सगळ्यांना उठवून मागच्या ढिगाकडे नेलं. तिथे आधीच एक लोखंडी गज खुपसून ठेवला होता. तो उपसला आणि म्हणाले, "धरा." पहिल्याने धरला आणि सोडलाच! आत साठ अंशांच्या आसपास तापमान होतं. मग सांगितलं की कोरडा पाला आणि ओला कचरा असा घालायचा की कर्ब नत्राच्या पंचवीस-तीस पट होईल. ओलं जास्त झालं तर वास मारतो, कोरडं जास्त झालं तर ढीग थंडच बसतो. मूठ घट्ट दाबल्यावर एखाददुसरा थेंब यावा, धार नको. त्या दिवसापासून मी कुणालाही कंपोस्ट समजावताना आधी गज शोधतो.

पानगळ
@मातीचेहात आमच्या सासूबाईंना हे वाचून दाखवू का? रोज सकाळी अंगण झाडून पाला पेटवतात. मी पोत्यात भरून लपवते, त्या शोधून काढतात. लपाछपी चाललीये आमची.

चाफेकळी
@पानगळ तू त्यांनाच मंडळाचं अध्यक्ष कर. पाला आपोआप वाचेल.

निवडुंग७
अध्यक्षांवरून आठवलं. आमच्या मंडळात अध्यक्ष कोण यावरून इतकं वाजलं की दोन मंडळं झाली. सभासद दोन्हीकडे तेच. सहली दोन, ठिकाण एकच. दोन्ही बस एकाच फाटकासमोर उभ्या आणि दोन्ही अध्यक्ष एकमेकांकडे पाठ करून हजेरी घेतायत. आत गेल्यावर मार्गदर्शक एकच होता, मग काय करणार!

केवडा
मला व्हॅनिलाच्या मांडवातली भेट विसरता येत नाही. फूल एकच सकाळ उघडं असतं, दुपारपर्यंत खलास. त्याच्या मूळ देशाबाहेर परागीभवन होतच नव्हतं. मग १८४१ साली रेयुनियाँ बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने हाताने करायची सोपी रीत काढली. तीच आजही चालते. सांगणारी बाई हे बोलता बोलता हातातली बारीक काडी दाखवत होती. फूल चिरायचं, काडीने मधला पडदा वर उचलायचा, अंगठ्याने फुलातले नर आणि मादी दोन्ही भाग एकमेकांवर दाबायचे. संपलं! तिला एका फुलाला काही क्षणच लागले. आमच्या घोळक्यात नुसता गोंधळ, कुणाचं फूल फाटलं, कुणी चष्मा शोधतंय. एका शाळकरी मुलाला मात्र पहिल्याच खेपेत जमलं. बाई त्याच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "वयच ते!"

(पुढे त्या एडमंडला त्यातून पैसा मिळाला नाही, गरिबीतच गेला. हे ऐकल्यावर घोळका जरा गप्प झाला होता.)

गवतीचहा
कलमांचं प्रात्यक्षिक कुणी लिहिलंच नाही? पाचर कलम बघितलंय मी, एक आजी करत होत्या. खुंटाला (म्हणजे खालच्या मुळांवरच्या झाडाला) मधोमध चीर, कांडीला (म्हणजे वर जोडायच्या फांदीला) पाचर, आणि सालीखालची हिरवी रेघ दोन्हींची एकमेकींना भिडली पाहिजे. जाडी सारखी नसेल तर निदान एका बाजूला भिडवा, मधोमध बसवू नका, असं ओरडून सांगायच्या. आणि खुंटावरचे फुटवे खुडत राहा, नाहीतर वरचं मरतं आणि खुंटच माजतो. गुलाबाचं फूल 'बदलतं' म्हणतात ते हेच, बदलत वगैरे काही नाही.

हिरवीमिरची
@गवतीचहा म्हणजे माझा लाल गुलाब बारीक पांढरी फुलं देतोय तो गेलाच का?

गवतीचहा
@हिरवीमिरची तळाशी बघ, लाल फांदी अजून जिवंत आहे का. असेल तर जोडाच्या खालून येणारं सगळं मुळापाशी ओढून काढ. नुसतं कापलंस तर परत येईल.

सावली
बाबा मंडळाचे जुने सभासद. ऐकू कमी यायला लागलं तेव्हापासून पहिल्या रांगेत बसायचे, आणि प्रश्न पाहुण्यांना न विचारता मला घरी येऊन विचारायचे. शेवटच्या सहलीला चाकाच्या खुर्चीवर होते. त्या बागेत एक भाग नुसत्या वासाच्या झाडांचा होता, वाफे कमरेएवढे उंच बांधलेले, खुर्चीवरूनही हात पोचेल असे. सुवासिक जिरॅनियमचं पान चुरडलं की वास येतो, नुसतं हुंगून फारसा येत नाही, तेलाच्या ग्रंथी फुटाव्या लागतात. बाबांनी तळहात नाकाशी धरला आणि घरी येईपर्यंत हात धुवू दिला नाही. मी चिडले होते त्यांच्यावर, आता लिहिताना हसू येतंय.

रानजाई
@सावली 🌿 कमरेएवढे वाफे किती साधी गोष्ट आहे, पण सगळीकडे का करत नाहीत कोण जाणे. आमच्या मंडळात सांगते हे.

चाफेकळी
सावली, मिठी गं.

पारंबी
आले! कपडे वाळत घालताना जास्वंदीकडे लक्ष गेलं, पांढरा कापूस चिकटलाय शेंड्यांना. मिलीबग कीडच ना? तुमच्याकडच्या कुठल्या पाहुण्याने काय सांगितलं होतं ते सांगा पटकन, अनुभव नंतर लिहिते.

मातीचेहात
@पारंबी मिलीबगच. सौम्य साबणाचं पाणी, पानांच्या खालून आणि सांध्यांत, संध्याकाळी मार. वरच्या मेणामुळे एका फवारणीत जात नाही, काही दिवसांनी परत मार. आणि मुंग्या आहेत का ते बघ. गोड स्रावासाठी त्या त्याला राखतात, शत्रूंना जवळ येऊ देत नाहीत. मुंग्यांचा बंदोबस्त आधी कर.

पारंबी
आहेत! रांगच लागलीये. कुंडीखालून येतायत. कुंडी हलत नाहीये, नवऱ्याला हाक मारते.