गणपती आटोपल्यावर बोत्स्वाना: स्वतः गाडी चालवून, तंबूत राहून प्राणी बघायचे आहेत

खाडीकिनारी (गुहागर)
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, त्यात मुलगा दहा वर्षांचा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. माऊन गावातून निघून मोरेमी, ख्वाई, सावुती, चोबे ही प्राण्यांची रानं आणि शेवट कसाने गाव, असा बेत आहे. छतावर दोन तंबू असलेली भाड्याची डबल कॅब घेणार, लॉज परवडत नाहीत. रेतीत गाडी चालवणं कितपत अवघड? यांना पुळणीवर गाडी घालायची सवय आहे. जेवणाचं काय काय इथून न्यावं? आणि तळांना कुंपण नसतं म्हणतात, मग मुलाला घेऊन जावं की नाही?

स्पॅनर_रत्नागिरी
ताई, पुळणीची सवय तिथे कामाची नाही. (कासवांच्या घरट्यांवरून गाडी जाते, म्हणून इथेही ती सवय सोडलेली बरी.) आपली वाळू भरतीच्या ओलीने दाबून बसलेली असते. तिथली रेती कोरडी, खोल आणि सैल. गाडी रुततेय हे कळेपर्यंत चाक निम्मं आत गेलेलं असतं.

सगळा खेळ टायरच्या हवेचा. डांबरीवर ३२ पीएसआय, मागे सामान भरलेलं असेल तर मागच्या चाकांत ३६. खडीच्या रस्त्यावर २६. खोल रेती लागायच्या आधीच १८ ते २० वर आणा, रुतल्यावर नव्हे. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो आणि गाडी रेतीवर तरंगते. मग वेग ४० च्या आतच हवा, नाहीतर टायरची बाजू तापून फाटते. उद्यानातली मर्यादाही ४०चीच आहे. डांबरी लागली की लगेच पुन्हा हवा भरायची, म्हणून गाडी ताब्यात घेतानाच कॉम्प्रेसर लावून चालतो का ते बघा. हवा मोजायचा गेज घरून न्या.

फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारा गिअर) रेती सुरू व्हायच्या आधी टाका. गाडी थांबवायची तर ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि तिची ती थांबू द्या. ब्रेकने चाकांपुढे रेतीचा बांध तयार होतो आणि निघताना तोच नडतो. रुतलीच तर चाकं फिरवत बसू नका, तेवढ्यात ती ॲक्सलपर्यंत जाते. हवा १५ वर आणा, चाकांपुढची आणि डिफरन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या) गोळ्याखालची रेती फावड्याने काढा, आणि आल्या चाकोरीतूनच मागे घ्या. जॅकखाली ठेवायला फळी लागते, नाहीतर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. हे सगळं करताना एकाने फक्त आजूबाजूला नजर ठेवायची, त्याने फावड्याला हात लावायचा नाही.

ख्वाईपुढच्या माबाबे गावापासून सावुतीला दोन रस्ते आहेत, एक रेतीच्या उंचवट्यावरून, दुसरा दलदलीतून. तुमच्या दिवसांत दलदल सुकलेली असते, तोच घ्या. पावसात मात्र तिथली काळी माती गाडी गिळते. खरी परीक्षा सावुती ते काचिकाऊ. तो टप्पा सकाळी लवकर काढा, रेती गार असते तोवर जरा घट्ट असते. काचिकाऊपासून डांबरी.

देवगडचा तात्या
१८ म्हणजे फारच कमी. वळणावर टायर रिमवरून निसटेल.

स्पॅनर_रत्नागिरी
तात्या, १५ वर वेगाने वळवलीत तर निसटेल. १८ वर सावकाश चालवलीत तर नाही. आणि चाकोरीत असताना स्टिअरिंग उगाच इकडेतिकडे फिरवायचं नाही.

डिझेलचं सांगायचं राहिलं. माऊन सोडलं की भरवशाचा पंप थेट कसानेला. सरळ अंतर कमी दिसतं, पण प्राणी बघत फिरणं धरून ५००-६०० किलोमीटर होतात आणि रेतीत १०० किलोमीटरला १५ ते १८ लिटर जातं. ८० लिटरच्या टाकीवर २० लिटरचे दोन कॅन घ्याच. शिवाय रोज एकदा गाडीखाली वाकून बघा. चाकोरीच्या मधलं वाळलेलं गवत सायलेन्सरपाशी अडकतं आणि पेट घेतं. तिकडे गाड्या जळतात त्या अशाच.

राजापूर_पक्षीनोंद
मुलाबद्दल. घेऊन जा, पण नियम घरीच पाठ करून घ्या. अंधार पडल्यावर तो एकटा गाडीपासून दोन पावलंही जाणार नाही. झोपताना त्याच्या तंबूत एक मोठं माणूस हवंच. तंबूची चेन पूर्ण बंद. चपला-बूट शिडीखाली ठेवलेत तर तरस उचलून नेतं. रात्री लघवीसाठी उतरायचं नाही, झाकणाची बाटली किंवा डबा वर ठेवा. अगदीच उतरावं लागलं तर आधी टॉर्च सगळीकडे फिरवून चमकणारे डोळे आहेत का बघा. पाणघोडा रात्री चरायला बाहेर येतो, तो आणि पाणी यांच्या मधे कधीच उभं राहू नका.

हत्ती तळावरून सरळ चालत जातात, शेकोटीला जुमानत नाहीत. सावुतीला तर नहाणीघराभोवती हत्ती पाण्यासाठी घुसू नयेत म्हणून जाड भिंत घातली आहे. हत्ती आला की जागेवर गप्प बसा, टॉर्च तोंडावर मारू नका. सॉसेज ट्रीखाली गाडी लावू नका. त्याचं एकेक फळ पाच किलोच्या वर जातं, छतावरचा तंबू फाटेल. मोरेमीतल्या थर्ड ब्रिज तळावरची वानरं वाईट आहेत. जेवणाचं टेबल सोडून दोन मिनिटं गेलात की पातेलं गेलं म्हणून समजा.

मसुरे_गजाली
ताई, सुको बांगडो आणि बोंबील थय नेव नकात! वास तरसाला लांबूनच लागतो, आणि डबा कितीही घट्ट असला तरी तळलेल्या मासळीचा वास कपड्यांना राहतो. कुळथाचं पीठ न्या, दहा मिनिटांत पिठी होते, गॅसही कमी जातो. आमसुलं, गोडा मसाला, तिखट, सगळं कंपनीच्या सीलबंद पाकिटात, आणि विमानतळावर विचारलं तर काय आहे ते सरळ सांगा. तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, अंडी माऊनच्या सुपरमार्केटात मिळतात. उरलेलं खाणं, साबण, टूथपेस्टसुद्धा रात्री गाडीच्या आत. हाडं शेकोटीत टाकून झोपू नका.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर फक्त पिण्याचं धरा. ऑक्टोबरात दुपारी पारा चाळिशीला टेकतो.

खाडीकिनारी (गुहागर)
खूप आभार. रोज किती अंतर धरावं? आणि पिवळ्या तापाची लस लागते का?

राजापूर_पक्षीनोंद
ख्वाई ते सावुती शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण त्याला चार-पाच तास धरा. अंधारात उद्यानात गाडी चालवायला बंदी आहे, म्हणून दुपारी तीनपर्यंत तळावर पोचेल असंच आखा. रात्रीची फेरी हवी असेल तर ती उद्यानाबाहेर, ख्वाईच्या गावकऱ्यांच्या क्षेत्रात मिळते. रानकुत्र्यांसाठीही तोच भाग चांगला. एकेका तळावर एकच रात्र ठेवू नका, अर्धा दिवस आवराआवरीत जातो. तळांचं आरक्षण वेगवेगळ्या ठेकेदारांकडे आहे, काही महिने आधी करा. छापील पावती फाटकावर दाखवावी लागते.

भारतातून येणाऱ्याला बोत्स्वानासाठी लस लागत नाही. पण नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल, तर बोत्स्वानात शिरतानाच प्रमाणपत्र मागू शकतात, आणि त्या देशांत विमानतळाबाहेर पडलात तर परत येताना भारतातही मागतात. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनमध्ये मिळते. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, मुलाचा डोस वजनावर ठरतो.

देवगडचा तात्या
आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढा, वर्षभर चालतो. मूळ लायसन्सही सोबत लागतं. गाडी तिकडेही डाव्या बाजूनेच. धुळीत मागच्या काचा बंद ठेवा आणि पंखा बाहेरची हवा घेईल असा जोरात लावा, म्हणजे मागच्या दारातून धूळ आत ओढली जात नाही.